दुसऱ्या परिच्छेदातले आजोबा

कोंढवा, पुणे
रविवार, दुपार

प्रिय प्रज्ञेश,

की प्रज्ञेश सर म्हणू? माझ्या वर्गातली मुलं तसंच म्हणतात. माझ्यासमोर तुझं नाव काढत नाहीत, पण मधल्या सुट्टीत जिन्यावर कानावर पडतंच. बाणेरच्या कुठल्याशा काचेच्या इमारतीत तू 'मार्गदर्शन' करतोस म्हणे. छान. पुण्यात हा शब्द कशालाही चालतो. आपण शेवटचं बोललो त्याला सोळा वर्षं झाली, त्यामुळे कसा आहेस वगैरे विचारत बसत नाही. संसार ठीक चालला असेल, उल्काताई बऱ्या असतील, मुलगा नववी-दहावीत असेल. इथं अम्मी माझ्याजवळ असते. गुडघे गेलेत, जीभ शाबूत आहे. माझं म्हणशील तर त्याच शाळेत, त्याच खुर्चीवर आहे, आणि येत्या शुक्रवारपर्यंत मला एका फॉर्मवर सही करायची आहे. त्या सहीवरूनच हे पत्र. पोस्टानं पाठवतेय, कारण फोनवर तू मला दोन मिनिटांत पटवशील आणि मला पटवून घ्यायचं नाहीये.

फॉर्म तुला माझ्यापेक्षा जास्त पाठ असेल. तरी सगळं पहिल्यापासून सांगते, तुला कुठं 'मला कल्पना नव्हती' म्हणायला जागा राहू नये म्हणून. आमच्या परदेशी बोर्डाच्या बारावीला ज्ञानमीमांसेचा, म्हणजे 'माहीत असणं म्हणजे काय' याचा, निबंध असतो. बोर्ड सहा विषय देतं, मुलानं त्यातला एक निवडायचा, सोळाशे शब्दांत लिहायचा, आणि लिहिण्याच्या काळात शिक्षकाशी तीनदा बसून बोलायचं. विषय का निवडला, उदाहरण कुठलं, वाद कुठं अडतोय. या तीन बैठकांची नोंद फॉर्मवर होते आणि खाली आम्ही सही करतो की माझ्या माहितीप्रमाणे हे काम या विद्यार्थ्याचंच आहे. 'माहिती' म्हणजे काय, यावर वर्षभर शिकवून झाल्यावर हे वाक्य सहीपुढे येतं. तू आणि मी एम.ए.ला असतो तर यावर विभागाच्या पायऱ्यांवर एक अख्खी दुपार हसलो असतो.

या वेळची मुलगी पूर्वा. सतरा वर्षांची, वडील बिल्डर, आई आर्किटेक्ट, खराडीला चौदाव्या मजल्यावर राहतात. अभ्यासात मध्यम, वागायला गोड, प्रत्येक वाक्यात एक 'लाइक' टाकते. पहिल्या बैठकीला आली तेव्हा तिनं चौथा विषय धरला होता. बोर्डाची भाषा बोजड असते, मतलब इतकाच: ज्या गोष्टीचं कारण सांगता येत नाही, ती 'मला माहीत आहे' असं म्हणायचा हक्क आपल्याला आहे का? उदाहरण काय घेणार विचारलं, तर तिनं सगळ्या मुलांसारखं झाडावरून सफरचंद पाडलं आणि टबातलं पाणी सांडलं. मी म्हटलं, बाई गं, ते सगळे केव्हाच मेले, तुला स्वतःला काय कळतं ते सांग. मग पोरगी हळूच म्हणाली, "मिस, हसू नका हां. आमची लिफ्ट बंद पडणार असेल ना, तर मला आदल्या दिवशी कळतं. म्हणजे आवाज वगैरे काही नाही, पायाला कळतं. मी वॉचमनकाकांना सांगते, ते म्हणतात जा गं, आणि मग पडतेच बंद. चार वेळा झालंय."

अरे, मी खुर्चीतून उठलेच! किती वर्षांनी कुणीतरी स्वतःच्या पायानं चालत आलं होतं. मग आम्ही चाळीस मिनिटं त्या लिफ्टमध्येच. चार वेळा बरोबर आलं, पण किती वेळा उगाच वाटलं, ते लिहून ठेवलंस का? वॉचमनकाकांना का पटत नाही, तुझं वय बघून की त्यांची ड्यूटी वाढते म्हणून? मेकॅनिक मीटर लावतो आणि तू तळपाय, तर दोघांत जास्त कुणाला कळतं? पूर्वाचे डोळे असे चमकत होते की मधली सुट्टी संपल्याची घंटा झाली तरी उठेना. फॉर्मवर मी लिहिलं: उदाहरण स्वतःचं, विद्यार्थिनी उत्सुक. 'स्वतःचं' हा शब्द मी फार कमी फॉर्मवर लिहिलाय.

तीन आठवड्यांनी दुसऱ्या बैठकीला आली ती प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये छापील आराखडा घेऊन. लिफ्ट गायब. "मिस, ते जरा चाइल्डिश वाटत होतं." कुणाला वाटत होतं, ते नाही सांगितलं. आराखडा वाचला. दावा, त्याच्या उलट दावा, आणि तिसऱ्या टप्प्यावर प्रश्नच उलटा करून वाचणाऱ्याच्या हातात द्यायचा. हे वळण घेणारा माणूस मला माहीत आहे, प्रज्ञेश. विभागात त्याच्या प्रत्येक सेमिनारला मी पुढच्या बाकावर होते. तेव्हाही ओळखलं. त्याबद्दल शेवटी बोलते. उदाहरणाच्या जागी नुसतं लिहिलं होतं, 'आजोबा, कारखाना'. मला वाटलं असतील कुणी आजोबा.

मग मागच्या सोमवारी पूर्ण मसुदा आला. स्टाफरूममध्ये चहा पीत वाचत होते. दुसऱ्या परिच्छेदात पूर्वाचे आजोबा. कारखान्याच्या स्टोअरमध्ये ग्राइंडिंग व्हील तपासायचं त्यांचं काम. लोखंड घासायची ही दगडी चाकं. आत बारीक तडा असेल तर डोळ्याला दिसत नाही, पण मशीनवर वेगात फिरवलं की फुटतं आणि समोरच्या माणसाला लागतं. म्हणून आजोबा प्रत्येक चाक बोटावर टांगून लाकडी मुठीनं हलकेच ठोकायचे. चांगलं चाक खणखणीत वाजतं, तडकलेलं बद्द वाजतं. एकदा नवीन माल आला, सर्टिफिकेट चोख, आणि आजोबांनी तो नाकारला. मॅनेजर म्हणाला, मला तर सगळे आवाज सारखेच येतात. आजोबांनी त्याला शेजारी उभं केलं, सात चाकं ओळीनं वाजवली आणि तिसऱ्यावर थांबून म्हणाले, "साहेब, याला सर्दी झालीये." सही केली नाही. त्यांना स्टोअरमधून काढून गेटवर बसवलं. दोन महिन्यांनी तो माल दुसऱ्या कारखान्यात फुटला आणि आजोबा बरोबर होते हे सिद्ध झालं. यावरून पूर्वाचा निष्कर्ष, की कानाला कारण सांगता येत नसलं तरी ज्ञान ते ज्ञानच.

चहा माझ्या ओढणीवर सांडला. प्रज्ञेश, पूर्वाच्या आजोबांचे तीन पेट्रोल पंप आहेत. त्यांनी आयुष्यात काही वाजवलं असेल तर दाराची बेल. ते माझे अब्बा आहेत. नासिर शिकलगार, गंज पेठ. माझ्या बापाला तू फोल्डरमध्ये घालून खराडीला पाठवलंस. तुला लाज वाटली नाही? खरंच विचारतेय. नाव काढलंस, टोपी काढलीस, आमची दखनी बोली पुसलीस, आणि मग तो कुणाचाही आजोबा व्हायला मोकळा. किती जणांना दिलास रे? मुंबईच्या मुलांनाही दिलास का?

मी गुरुवारी प्राचार्यांकडे गेले. इतकंच म्हटलं की हा निबंध मुलीचा नाही. बाई सभ्य आहेत, आवाज चढवत नाहीत. म्हणाल्या, "मॅडम, आपल्याला संशय आहे की खात्री?" खात्री आहे. "कशावरून?" संगणकावर तपासला तर चोरी शून्य टक्के. कसा सापडेल, कुठं छापलेलाच नाही. पुरावा फक्त माझ्या डोक्यात. ज्ञानमीमांसेच्या बाईला विचारायचा प्रश्न तरी बघ! बाईंनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला आणि म्हणाल्या, पालक वजनदार आहेत, मुलीला कॅनडात प्रवेश मिळतोय, काहीतरी हातात धरता येईल असं आणा, नाहीतर पुढच्या शुक्रवारी सही करून टाका. सोमवारी साडेदहाची वेळ दिलीये मला.

हातात धरता येईल असं एक आहे माझ्याकडे. ते 'सर्दी झालीये' हे वाक्य. ते अब्बांनी कधीच म्हटलं नव्हतं. ते मी रचलंय. दोन हजार तीनच्या डिसेंबरात विद्यापीठाच्या कँटीनमध्ये, तुझ्यासमोर, दोघांत एक वडापाव असताना. त्यामुळे जगात ते फक्त दोघांना ठाऊक असू शकतं, आणि त्यातली एक मी. पण हा पुरावा टेबलावर ठेवायचा तर बाकीचंही ठेवावं लागतं.

आठवतंय का त्या दिवशी तू काय सांगत होतास? तुझे आजोबा, धोंडिबा. गावातली मेलेली जनावरं ओढणार नाही म्हणून छप्पन साली घर सोडलं, चालत पुण्याला आले, खडकीला हमाली केली, पण परत कुणापुढे वाकले नाहीत. तू सांगताना तुझी मानसुद्धा ताठ झाली होती. तुमच्या घरात असा माणूस होता, भिंतीवर त्याचा फोटो होता, आणि तू त्याच्यासारखाच बोलायचास. मला तू फार आवडायचास रे तेव्हा. आणि मला वाटलं, माझ्याकडेही असा बाप असायला हवा. तुझ्या धोंडिबांच्या शेजारी उभा राहील असा. म्हणून मी अब्बांना उभं केलं. सात चाकं, तिसऱ्याला सर्दी, मॅनेजरचं तोंड पडलेलं. तू टेबलावर हात आपटून म्हणालास, "याला म्हणतात जाणणं!" आणि माझा हात धरलास. पहिल्यांदा. त्या खोट्यावर मला सहा वर्षं मिळाली.

आता खरं ऐक. हे मी अम्मीशीसुद्धा कधी बोललेले नाही. चौऱ्याण्णव साल, मी तेरा वर्षांची. कारखाना हडपसरला होता, आता तिथं टॉवर झालेत. माल आला हे खरं. अब्बांना काही चाकं बद्द वाजली हेही खरं. त्यांनी मॅनेजरला सांगितलं, मॅनेजर म्हणाला लाइन दोन दिवस बंद आहे, सर्टिफिकेट आहे, कागद पुढे सरकवा. आणि अब्बांनी रजिस्टरवर सही केली. त्या रात्री ते अम्मीला हळू आवाजात सांगत होते, मी पांघरुणातून ऐकलं. सातातलं तिसरं वगैरे काही नाही. कुणी ओरडलं नाही, कुणी धमकावलं नाही. आमचं घर भाड्याचं होतं, आम्ही चार भावंडं होतो, हे सगळं मी त्यांच्या वतीनं हजारदा बोलून झालंय. नवव्या दिवशी त्यातलं एक चाक पोपटकाकांच्या मशीनवर फुटलं. पोपटकाका येरवड्याचे, अब्बांचे डबा खायचे जोडीदार. रमजानात अब्बा जेवायचे नाहीत तर हे बाहेर उन्हात जाऊन जेवायचे, समोर नको म्हणून. तुकडा छातीत घुसला. ससूनला तिसऱ्या दिवशी गेले. चौतीस वर्षांचे होते.

चौकशीत अब्बा म्हणाले, वाजवलं तेव्हा आवाज चांगला होता. तिथं प्रकरण मिटलं. कारखान्यात मिटलं. मग एका रविवारी त्यांची बायको राधाकाकू आमच्या घरी आली. कडेवर लहान मुलगी होती. अम्मीनं पाणी दिलं, ते घेतलं नाही. उभ्या उभ्याच म्हणाली, "नासिरभाऊ, मला भांडायचं नाही. एकच विचारायचंय. तुम्ही वाजवलं तेव्हा तुम्हाला काय ऐकू आलं?" मी दारात होते. अब्बांनी तिच्याकडे बघितलं, कानामागे हात नेला आणि म्हणाले, "काय म्हणालात?" तिनं परत विचारलं. त्यांनी परत हात नेला. "जरा मोठ्यानं बोला. माझे कान गेलेत हल्ली." तिसऱ्यांदा तिनं ओरडून विचारलं, सगळ्या आळीनं ऐकलं. अब्बांनी मान हलवली, ऐकू येत नाही म्हणून. ती गेली. आणि त्या दिवसापासून माझा बाप बहिरा झाला.

एकोणीस वर्षं, प्रज्ञेश. मरेपर्यंत. अम्मी ओरडून ओरडून घसा बसवून घ्यायची. आम्ही भावंडं खाणाखुणा करायचो. मामूनं ऐकण्याचं मशीन आणून दिलं, ते कपाटात पडून राहिलं, म्हणाले फायदा होत नाही. नोकरी आपोआप सुटली, कारण कान नसलेला माणूस चाकं कशी तपासणार. लोक म्हणायचे, धक्का बसला हो, जोडीदार गेला ना. तूही एकदा घरी आलास आणि त्यांना मोठ्यानं 'नमस्कार' म्हणालास, आठवत असेल. ते हसले होते.

मला कळलं ते अठराव्या वर्षी. अम्मीनं कुंभारवाड्यातून नवा माठ आणला होता आणि ती शेजारी गेली होती. अब्बा स्वयंपाकघरात एकटे. मी बाहेरच्या खोलीत वाचत बसलेय हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी माठ उचलला, दोन बोटांच्या पेरांनी ठोकला, मान कलती करून ऐकला. परत जरा खाली ठोकला. आणि तो अलगद कोपऱ्यात ठेवून जुनाच माठ तिवईवर चढवला. संध्याकाळी अम्मीनं नव्यात पाणी भरलं तर खालून पाझरायला लागला. ती चिडून अब्बांवर ओरडली, आणताना वाजवून घ्यायला मी कुणाला सोबत नेऊ, घरात बहिरा नवरा. अब्बा कानामागे हात नेऊन म्हणाले, "क्या बोली?" मी त्यांच्याकडे बघत होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं. आम्ही दोघंही काही बोललो नाही, पुढची चौदा वर्षं. ते वारले तेव्हा मौलवीसाहेब कलमा पढत होते आणि अब्बांचे ओठ त्यांच्या मागोमाग बरोबर हलत होते. अम्मीला वाटलं चमत्कार झाला. राधाकाकू गेल्या वर्षी गेली. पेपरात चार ओळी आल्या होत्या, येरवड्याचा पत्ता बघून ओळखली. तिला मी कधीच जाऊन सांगितलं नाही. सांगू सांगू म्हणत तीस वर्षं काढली. म्हणजे अब्बांनाही मी नावं ठेवायचा संबंध नाही.

तर असा आहे तुझा तो दुसरा परिच्छेद. जाणणारा माणूस. त्याला सगळं कळत होतं, तुझं बरोबर आहे, कारण सांगता येत नसलं तरी कळत होतं. कळलेलं असून त्यानं काय केलं, हे तुझ्या आराखड्यात बसत नाही. तुला दोष देत नाही, तुला मीच खोटा माल दिला. पण तूसुद्धा न वाजवता पुढे सरकवलास. आणि मुलीच्या हातातली लिफ्ट काढून घेतलीस, याचा मला जास्त राग आहे. ती एकच गोष्ट तिची होती. अकरा वर्षं तासिका तत्त्वावर राबलास, 'पर्मनंट झालो की घरी बोलतो' म्हणून मला ताटकळत ठेवलंस, तुला कुणीच पर्मनंट केलं नाही. व्यवस्थेनं तुझं वाटोळं केलं हे मला मान्य आहे, त्यासाठी मी तुझ्याहून जास्त शिव्या घातल्यात. पण त्याची भरपाई सतरा वर्षांच्या पोरीच्या डोक्यातून नाही काढायची. तू शिक्षक होतास रे. माझ्यापेक्षा शंभरपट चांगला.

परवा, शुक्रवारी, पूर्वाला बोलावलं. तिसरी बैठक. दार लावून घेतलं आणि सांगितलं, हे तुझे आजोबा नाहीत, माझे वडील आहेत. आधी ती लालेलाल झाली, मग रडायला लागली, मग म्हणाली सरांनी सांगितलं होतं की हे असंच एक उदाहरण आहे, सगळे घेतात. मी तिला खरी गोष्ट सांगितली. सगळी, राधाकाकूसकट. का सांगितली मलाही कळलं नाही. रडू थांबवून तिनं नाक पुसलं आणि विचारलं, "मिस, मग आता तुम्ही सही करणार?" त्या प्रश्नात टोमणा नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी म्हटलं, या निबंधावर नाही. अजून तो बोर्डाकडे गेलेला नाही, आठ दिवस हातात आहेत, लिफ्टचं लिही. मार्क कमी पडतील. पडू देत म्हणाली. जाताना दारातून वळून म्हणाली, मागच्या मंगळवारी परत पायाला कळलं होतं, पण या वेळी बंद नाही पडली, ते पण लिहू का? मी म्हटलं, तेच आधी लिही.

आता हे पत्र कशासाठी, ते. पूर्वा सुटली, तिचा नवा निबंध तिचाच असेल आणि त्यावर मी डोळे मिटून सही करीन. पण हा काही तुझा पहिला निबंध नव्हता. गेल्या दोन वर्षांत असे चार माझ्या टेबलावर आले. तिसऱ्या टप्प्यावरचं वळण बघून चारही मी लगेच ओळखले, आणि चारही फॉर्मवर सही करून टाकली. का, ते तुला सांगते, उद्या तिथं मला सांगता येणार नाही. मला ते वाचायला आवडायचे. सोळा वर्षांत तुझी एक ओळ आली नाही, आणि त्या निबंधांत तू होतास, तसाच्या तसा, तेच अडखळणं, तोच उलटा प्रश्न. मी ते घरी आणायचे आणि दुपारी दार लावून परत परत वाचायचे, परक्या मुलांच्या नावानं मला पत्रं आल्यासारखे. माझ्या बापानं घर चालावं म्हणून सही केली, मी कशासाठी केली ते बघ. उद्या साडेदहाला मी प्राचार्यांना पाचही निबंधांचं सांगणार आहे. आराखडे तुझे, सह्या माझ्या. माझी नोकरी जाईल, तुझं ते दुकान उठेल, त्या चार मुलांचं काय होईल ते मला माहीत नाही. पत्र तुला बुधवारी मिळेल, तोवर सगळं होऊन गेलेलं असेल, तेव्हा फोन करू नकोस. तुलाही बोलावतील. त्या आजोबांबद्दल विचारलं, तर एवढंच सांग की ते नासिर शिकलगार होते, आणि त्यांनी सही केली होती.

आजपर्यंत तुझीच,
मिसबा